पडद्यावरची गाठ आणि घराण्याचा इतिहास

‘गाठ बहुधा साधी वाटते. सहा महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा करावी.’ स्तनांच्या तपासणीच्या रिपोर्टाखाली ही दोन वाक्ये इतक्या सवयीने लिहिली जातात की लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे, दोघांचेही त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. बहुसंख्य बायकांच्या बाबतीत ती बरोबर असतात आणि त्यांच्यामुळे कितीतरी जणी नाहक सुईपासून वाचतात. पण जिच्या आईला ऐन तारुण्यात स्तनाचा कर्करोग झाला, मावशी चाळिशी ओलांडण्याआधी गेली आणि जिच्या स्वतःच्या रक्तात ब्राका-१ या जनुकातला दोष सापडला आहे, तिच्या रिपोर्टाखाली हीच दोन वाक्ये लिहिणे ही फार मोठी जबाबदारी असते. गाठ तीच, यंत्र तेच, पडद्यावरचा आकारही तोच. फक्त बाई वेगळी. ती वेगळी असल्याने निदान कुठे आणि किती बदलते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय अर्थातच मधल्या पट्ट्यातला आहे. पाण्याने भरलेली पातळ भिंतीची पोकळी सोनोग्राफीत दिसली की वाद उरत नाही. काटेरी कडांची, आजूबाजूचे ऊतक ओढून घेणारी गाठ दिसली तरी वाद उरत नाही, लगेच बायोप्सी होते. या दोहोंच्या मध्ये जे उरते त्यावर जगभरचे रेडिओलॉजिस्ट गेली चाळीसेक वर्षे खल करत आहेत. त्यात गुळगुळीत कडांच्या घन गाठी, गढूळ पाण्याच्या पोकळ्या, मॅमोग्राफीतला एका बाजूचा दाटपणा, कॅल्शियमच्या ठिपक्यांचा पुंजका आणि एमआरआयमध्येच तेवढा चमकणारा ठिपका असे सगळे येते. आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा मधला पट्टा रुंदावतो.

चित्रांचा इतिहास आधी थोडक्यात सांगतो. बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा अभ्यासल्या. रुग्ण तपासण्यासाठी हे तंत्र १९३० मध्ये रॉचेस्टरच्या स्टॅफर्ड वॉरन यांनी वापरले. उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून चित्र घेण्याचे महत्त्व पटवून दिले आणि कॅल्शियमच्या बारीक कणांकडे सर्वांचे लक्ष वेधले. ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० मध्ये सगळी पद्धत अशी बसवून दिली की दुसऱ्या गावच्या माणसालाही तसेच चित्र काढता यावे. केवळ स्तनांसाठी बनवलेले यंत्र त्याच दशकात स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांच्या पुढाकाराने आले. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून आणि स्वीडनमध्ये लास्लो टाबार यांच्या नेतृत्वाखाली १९७७ पासून मोठ्या चाचण्या झाल्या आणि मॅमोग्राफीने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात हे मान्य झाले. मात्र या दोन्ही चाचण्यांतल्या स्त्रिया चाळिशीच्या पुढच्या आणि सर्वसाधारण धोक्याच्या होत्या. ज्यांचा आजार तिशीतच डोके वर काढतो आणि ज्यांचे स्तन त्या वयात ग्रंथींनी दाट असल्यामुळे क्ष-किरणांत पांढरेफटक दिसतात, त्यांच्याविषयी या आकड्यांतून फारसे काही कळत नव्हते.

संदिग्ध गाठींचे शास्त्र खऱ्या अर्थाने उभे राहिले ते १९९१ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोचे एडवर्ड सिकल्स यांनी ‘बहुधा निरुपद्रवी’ ठरवलेल्या ३,१८४ सलग प्रकरणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत कर्करोग निघाले १७, म्हणजे अर्धा टक्का. तेही लवकरच्या टप्प्यात सापडले. सरसकट बायोप्सी करण्याऐवजी लक्ष ठेवले तरी चालते, या म्हणण्याला यातून प्रथमच भक्कम पुरावा मिळाला. १९९५ मध्ये कोलोरॅडोच्या थॉमस स्टॅव्ह्रॉस आणि सहकाऱ्यांनी हेच काम सोनोग्राफीसाठी केले. त्यांनी ७५० घन गाठींचे कडा, आकार, त्वचेशी असलेली दिशा, मागे पडणारी सावली असे निकष लावून वर्गीकरण केले. ज्या ४२४ गाठी त्यांनी साध्या ठरवल्या त्यांत प्रत्यक्षात कर्करोगाच्या निघाल्या फक्त दोन. आजही सोनोग्राफीच्या खोलीत ‘आडवी आहे, कडा स्वच्छ आहेत, फायब्रोॲडेनोमा’ असे जे म्हटले जाते, त्यामागे हे काम आहे.

दरम्यान १९९३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ‘बायरॅड्स’ ही वर्गवारी आणली. २००३ च्या आवृत्तीत सोनोग्राफी आणि एमआरआय तिच्यात आले आणि २०१३ ची पाचवी आवृत्ती आता जगभर रुळली आहे. तिचे मोठे उपकार असे की रिपोर्टांतली कवित्वाची सोय संपली. वर्ग २ म्हणजे साधे. वर्ग ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. वर्ग ४ म्हणजे बायोप्सी, आणि त्याच्या तीन पायऱ्या दहा टक्क्यांपर्यंत, पन्नासपर्यंत आणि त्यापुढे. वर्ग ५ म्हणजे पंचाण्णव टक्के किंवा अधिक. वर्ग ३ चा पाया प्रामुख्याने सिकल्स यांच्यासारख्या कामावर उभा आहे आणि त्या कामाचा आधार सर्वसाधारण स्त्रियांची तपासणी हा आहे. ही अट रिपोर्टात कुठे लिहिलेली नसते.

आता दुसरी वाट, घराण्याची. पॅरिसचे सर्जन पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातल्या चार पिढ्यांची नोंद छापली. त्यात स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या बायकांची संख्या योगायोगाने समजावून सांगण्यासारखी नव्हती. शंभर वर्षांनी नेब्रास्काचे हेन्री लिंच यांनी स्तन आणि बीजांडकोश यांचे कर्करोग एकाच कुटुंबात एकत्र येतात हे अशाच वंशावळी मांडून दाखवले. तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. कर्करोग वारशाने येतो हे म्हणणे त्या काळात मागासलेपणाचे समजले जाई. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांच्या अभ्यासातून दोषाची जागा सतराव्या गुणसूत्रावर निश्चित केली. १९९४ मध्ये ब्राका-१ आणि १९९५ मध्ये ब्राका-२ ही जनुके प्रत्यक्ष हाती लागली. पेशीतल्या डीएनएची दोन्ही पदरी तूट जुळवण्याच्या कामात ही जनुके लागतात. त्यांची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली आणि दुसरीही एखाद्या पेशीत पुढे बिघडली, की त्या पेशीत चुका साचत जातात.

धोका किती, याचे चांगले उत्तर २०१७ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून मिळाले. ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ब्राका-१ मध्ये सुमारे ७२ टक्के आणि ब्राका-२ मध्ये ६९ टक्के निघाली. बीजांडकोशाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. याशिवाय टीपी-५३, पाल्ब-२, चेक-२ अशी इतर जनुके आहेत आणि प्रत्येकाचा धोका, वय, स्वभाव निराळा आहे. त्या सगळ्यांना ‘जीन पॉझिटिव्ह’ या एकाच पिशवीत कोंबण्याची जी सवय आपल्याकडे लागू पाहते आहे, ती या पुस्तकाच्या लेखकांना मान्य नाही.

या दोन वाटा जिथे मिळतात तिथे खरी अडचण सुरू होते. ब्राका-१ मुळे होणारे कर्करोग बहुतेक वेळा वेगाने वाढणारे, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचे असतात. असा अर्बुद आजूबाजूच्या ऊतकात मुळे न सोडता त्याला सारत, ढकलत गोल वाढतो. त्यामुळे ज्या काटेरी कडांवर आपण कर्करोग ओळखायला शिकलो त्या इथे नसतात. कॅल्शियमचे कणही अनेकदा नसतात. सोनोग्राफीत दिसते ती गोल किंवा अंडाकृती, काळपट, बऱ्यापैकी स्वच्छ कडांची गाठ. आतल्या पेशींच्या दाटीमुळे किंवा मधल्या भागाच्या कुजण्यामुळे ध्वनिलहरी तिच्यातून सहज पार होतात, म्हणून तिच्यामागे सावलीऐवजी उजळ पट्टा पडतो आणि नवखा डॉक्टर तिला पाण्याची पोकळीही समजू शकतो. रॉटरडॅममधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की जनुकातला दोष, स्तनांची घनता आणि गाठीच्या या ढकलणाऱ्या कडा, तिन्ही स्वतंत्रपणे मॅमोग्राफीला चकवतात.

समजा, बावीस वर्षांची एक मुलगी आणि चौतीस वर्षांची ब्राका-१ वाहक स्त्री एकाच दुपारी सोनोग्राफीला आल्या. दोघींच्याही उजव्या स्तनात आठ मिलिमीटरची, आडवी, स्वच्छ कडांची घन गाठ आहे. पहिलीच्या बाबतीत फायब्रोॲडेनोमा हे उत्तर जवळजवळ आपोआप बरोबर ठरते, कारण त्या वयात कर्करोग विरळा आणि फायब्रोॲडेनोमा घरोघरी. दुसरीच्या बाबतीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. तपासणीआधीच तिची कर्करोगाची शक्यता कितीतरी जास्त असते. शिवाय ‘स्वच्छ कडा’ या लक्षणाची साक्षही कमकुवत होते, कारण तिला होऊ शकणारा कर्करोगच स्वच्छ कडांचा असतो. पहिला बदल बहुतेक डॉक्टरांच्या ध्यानात येतो, दुसरा सुटतो. कौटुंबिक इतिहास ऐकूनही ‘दिसायला तर साधीच आहे’ असे म्हणणारा डॉक्टर नेमका इथे फसतो.

त्यात वेळेचा हिशेब. वाहक स्त्रियांतल्या कर्करोगांच्या वाढीचा जो अभ्यास झाला आहे त्यात गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला सरासरी दीड-पावणेदोन महिने लागलेले दिसतात. सहा महिन्यांत चार वेळा दुप्पट म्हणजे सोळापट. सोळापट आकारमान म्हणजे व्यास सुमारे अडीचपट. आठ मिलिमीटरची गाठ दोन सेंटिमीटरवर जाते आणि कर्करोगाचा टप्पा बदलणारी सीमारेषा नेमकी दोन सेंटिमीटरला आहे. सर्वसाधारण स्त्रीसाठी सहा महिने ही सावध मुदत आहे. हिच्यासाठी तीच मुदत जुगार ठरू शकते. म्हणून वाहक स्त्रीत नव्याने दिसलेली घन गाठ, ती कितीही गोजिरी दिसो, वर्ग ३ मध्ये टाकू नये, सुईने तपासावी, अशी या पुस्तकाच्या बहुतेक लेखकांची आणि माझीही भूमिका आहे. ही भूमिका सर्वांना पटेल असे नाही. दर वर्षी एक बायोप्सी करत राहिलेल्या बाईचे काय होते, असा प्रश्न विरोधक करतात आणि तो बिनतोड आहे. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडणाऱ्या स्त्रिया आम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. मात्र स्थानिक भूल देऊन जाड सुईने केलेली बायोप्सी पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, आणि सहा महिन्यांची धाकधूक त्याहून हलकी असते हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

एमआरआय या चित्रात आला ऐंशीच्या दशकात. जर्मनीत सिल्व्हिया हायवांग आणि वेर्नर कायझर यांनी गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट शिरेतून देऊन स्तनातील रक्तपुरवठा पाहायला सुरुवात केली. कर्करोगाला नव्या, गळक्या रक्तवाहिन्या लागतात; कॉन्ट्रास्ट त्यांत झपाट्याने शिरते आणि झपाट्याने बाहेर पडते. घनतेचा अडथळा इथे नाही. २००४ मध्ये दोन अभ्यास आले आणि वादाचा रोख बदलला. नेदरलँड्समधील १,९०९ धोकाग्रस्त स्त्रियांत एमआरआयने सुमारे ८० टक्के पसरणारे कर्करोग पकडले, मॅमोग्राफीने ३३ टक्के. टोरांटोत एलन वॉर्नर यांच्या २३६ वाहक स्त्रियांत २२ कर्करोग निघाले. एमआरआयला त्यांतले ७७ टक्के दिसले, मॅमोग्राफीला ३६, सोनोग्राफीला ३३ आणि डॉक्टरांच्या हाताला ९. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या अभ्यासातही असाच कल दिसला. २००७ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आयुष्यभराचा धोका २० ते २५ टक्के किंवा अधिक असलेल्या स्त्रियांना दरवर्षी एमआरआय सुचवला.

इथून पुढे घराणी पडतात. अमेरिकन पद्धतीत वाहक स्त्रीला पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून सोबत मॅमोग्राफी असते. ब्रिटनच्या मार्गदर्शनात एमआरआय तीस ते एकोणपन्नास, दरवर्षीची मॅमोग्राफी चाळिशीपासून, तिशीत ती विचार करून, आणि टीपी-५३ चा दोष असेल तर मॅमोग्राफी मुळीच नाही. कारण त्या पेशींना किरणोत्सर्गाची इजा जास्त बाधते. वाहक स्त्रियांत तिशीआधीच्या क्ष-किरण तपासण्यांचा वाढत्या धोक्याशी संबंध दाखवणारा युरोपीय अभ्यास २०१२ मध्ये आला आणि सावधपणाच्या बाजूने पारडे आणखी झुकले. तिसरे घराणे जर्मन. बॉन आणि पुढे आखेन इथल्या क्रिस्टियाने कूल यांचे म्हणणे सरळ आहे: चांगला एमआरआय होत असेल तर मॅमोग्राफीने फारशी भर पडत नाही. नलिकेतच अडकलेला लवकरचा कर्करोग डच अभ्यासात मॅमोग्राफीने जास्त पकडला होता. २००७ मध्ये कूल यांनी आपल्या मालिकेत नेमके उलटे दाखवले, एमआरआय ९२ टक्के आणि मॅमोग्राफी ५६. फरक यंत्राचा की वाचणाऱ्या डोळ्यांचा, यावर वाद घालायला संमेलनांत वेळ पुरत नाही. माझा कौल डोळ्यांच्या बाजूने आहे. २०१४ मध्ये कूल यांनीच तीन मिनिटांत उरकणाऱ्या संक्षिप्त एमआरआयची कल्पना मांडली. खर्च आणि यंत्रावरची गर्दी पाहता भारताला या सगळ्या वादापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. आयोडीनचे कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या मॅमोग्राफीकडेही लक्ष ठेवण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या गावात ती एमआरआयपेक्षा लवकर पोहोचू शकते.

या देखरेखीने जीव वाचतात का, हा प्रश्न बराच काळ अधांतरी होता. २०२४ मध्ये अकरा देशांतल्या सुमारे अडीच हजार वाहक स्त्रियांच्या पाठपुराव्यात ब्राका-१ असलेल्यांमध्ये एमआरआयची देखरेख घेणाऱ्यांचे मृत्यू लक्षणीय कमी आढळले. ब्राका-२ मध्ये तसा फायदा स्पष्ट दिसला नाही.

एमआरआयचा त्रासही मोठा आहे. मासिक पाळीच्या चुकीच्या आठवड्यात केला तर निरोगी ग्रंथीच इतक्या उजळतात की गाठ त्यांत हरवते, किंवा नसलेली गाठ दिसू लागते. म्हणून पाळीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख द्यावी लागते आणि नेमका हा प्रश्न विचारायला स्वागतकक्षात कुणी नसते. एमआरआयमध्ये दिसलेल्या ठिपक्यासाठी पुन्हा नेमक्या जागी सोनोग्राफी करतात. दिसला तर सोनोग्राफीखाली बायोप्सी. नाही दिसला तर तो साधाच, असे मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी एमआरआयच्या यंत्रातच, लोहचुंबकाला चालणाऱ्या सुईने आणि निर्वात उपकरणाने बायोप्सी करावी लागते आणि ही सोय आपल्याकडे मोजक्या ठिकाणी आहे. सोय नसताना तपासणी विकणे हा अप्रामाणिकपणा आहे, असे एका लेखिकेने या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. संपादनात ते वाक्य मी हलवलेले नाही.

बायोप्सी झाली म्हणजे संदिग्धता संपली, असेही नाही. असामान्य पेशीवाढ, पॅपिलोमा, चट्ट्यासारखी दिसणारी तारकाकृती विकृती अशी मधलीच उत्तरे पॅथॉलॉजिस्टकडून येतात. चित्र आणि स्लाइड एकमेकांशी जुळतात का, हे दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून पाहायचे असते. चित्र संशयास्पद आणि स्लाइड निर्दोष असेल तर सुई चुकली असे धरून पुन्हा जावे लागते. हा नियम जुना आहे आणि मोडला जातो तो बहुधा वेगवेगळ्या मजल्यांवर बसण्यामुळे.

हे सगळे मराठीत आणि आत्ताच का मांडायचे? स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांतला सर्वांत मोठा कर्करोग आहे. २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रियांचा अंदाज आंतरराष्ट्रीय नोंदींत आहे. पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरी दहा वर्षे लवकर दिसतो. सर्वसाधारण स्त्रियांसाठी काय करावे याचा मोठा धडा मुंबईनेच जगाला दिला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाचे इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांना तो फायदा दिसला नाही. आपल्या पुस्तकातल्या स्त्रिया मुख्यतः या दुसऱ्या गटातल्या.

आत्ताच म्हणण्याचे खरे कारण मात्र औषधांत आहे. ओलापारिबसारखी औषधे ब्राकाचा दोष असलेल्या रुग्णांत काम करतात, म्हणून उपचार ठरवण्यासाठी जनुकतपासणी होऊ लागली. तपासणीचा खर्चही उतरला. रुग्णाचा रिपोर्ट आला की तिच्या बहिणी, मुली, भाच्या यांचाही प्रश्न उभा राहतो. या निरोगी, तरुण, घाबरलेल्या स्त्रिया आता पुणे-मुंबईतच नव्हे, लातूर-जळगावच्या सोनोग्राफी केंद्रांतही हातात जनुकाचा कागद घेऊन येऊ लागल्या आहेत. समोरच्या डॉक्टरने हा कागद कधी वाचलेला नसतो. पुष्कळदा त्यावर ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असे लिहिलेले असते. जगातले जनुकांचे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे, म्हणून आपल्याकडे हा शेरा जास्त येतो. असे बदल पुढे बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतात आणि त्यांच्या भरवशावर शस्त्रक्रिया करू नये, हे पुस्तकात पुन:पुन्हा येईल. जनुकाचा कागद अनिश्चित आणि गाठही अनिश्चित, अशा वेळी आधार उरतो तो घराण्याच्या इतिहासाचा.

आणि तो इतिहास आपण नीट विचारत नाही. फॉर्मवर रकाना असतो ‘आई / बहीण / मावशी’. ब्राकाचा दोष वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येतो. म्हणजे आत्या, आजोबांची बहीण, चुलतबहीण या सगळ्या तेवढ्याच महत्त्वाच्या. लग्न होऊन गेलेल्या आत्याचा आजार तिच्या सासरी राहतो, माहेरी पोहोचते ती फक्त ‘पोटात पाणी झालं आणि गेली’ एवढी बातमी. जलोदर म्हणून विसरलेला तो मृत्यू बीजांडकोशाच्या कर्करोगाचा असू शकतो. ज्या घरात मुलीच कमी जन्मल्या तिथे दोष दोन पिढ्या पुरुषांतून गुपचूप येतो. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचे मुंबईच्या कर्करोग नोंदवहीने फार पूर्वीच टिपले होते. त्यात उशिरा लग्न आणि कमी मुले यांचाही वाटा आहे, सगळे खापर जनुकांवर फोडता येत नाही. दुसरीकडे पूर्व युरोपीय ज्यू समाजात प्रसिद्ध असलेला ब्राका-१ मधला एक विशिष्ट दोष भारतीय कुटुंबांतही सापडला आहे. जात-धर्म पाहून धोका ठरवण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

आपल्या मातीतले चकवेही आहेत. स्तनाचा क्षयरोग आणि बाळंतपणानंतरच्या वर्षांत होणारा ग्रॅन्युलोमेटस मॅस्टायटिस, दोन्ही कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतात. परदेशी पाठ्यपुस्तकांत त्यांना चार ओळी मिळतात. इथे स्वतंत्र प्रकरण आहे. कायद्याची बाजूही आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा अत्यावश्यक होता आणि आहे, पण त्यातील यंत्रे हलवण्यावरच्या निर्बंधांमुळे स्तनांची सोनोग्राफी वाडीवस्तीवर नेणे दुरापास्त झाले आहे. यावर लेखकांत एकमत नाही, दोन्ही मते छापली आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रकरण मुद्दाम छोटे ठेवले आहे. ही साधने मुख्यतः सर्वसाधारण स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर शिकली आहेत. तिशीतल्या वाहक स्त्रीची गोल गाठ त्यांनी फारशी पाहिलेली नाही.

हे पुस्तक पदव्युत्तर विद्यार्थी, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारे रेडिओलॉजिस्ट, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. पण भाषा अशी ठेवली आहे की ज्या घरात हा प्रश्न आहे त्या घरातल्या माणसालाही ते हाती धरता यावे. प्रतिमा भरपूर आहेत आणि प्रत्येक प्रतिमेखाली स्त्रीचे वय, जनुक, वंशावळ आणि अंतिम निदान दिले आहे. ओळख पटेल असा सर्व तपशील काढला आहे. प्रतिबंधक शस्त्रक्रिया, औषधे, गर्भधारणेविषयीचे निर्णय यांना आम्ही फक्त स्पर्श केला आहे. ते विषय मोठे आहेत आणि चित्र वाचणाऱ्याने त्यांत सल्ला देऊ नये असे माझे मत आहे. मार्गदर्शक सूचना बदलत राहतात, तेव्हा वयाचे आणि अंतराचे आकडे वापरण्याआधी ताजी आवृत्ती पाहावी.

डॉक्टर वाचकांना एक विनंती. आपल्या केंद्राच्या फॉर्मवर ‘वडिलांकडील नातेवाईक’ असा रकाना आजच घाला आणि त्यात स्तनाबरोबर बीजांडकोशाच्या, तसेच पुरुषांतल्या स्तनाच्या कर्करोगाचीही विचारणा करा. ज्या स्त्रिया स्वतःच्या रिपोर्टासाठी हे पुस्तक उघडतील त्यांना एवढेच सांगणे आहे की जुन्या फिल्म, सीडी आणि बायोप्सीचे कागद टाकून देऊ नका. पुढच्या तपासणीला येताना ते सगळे सोबत आणा.